शेंदूर लावलेलं पोलाद

आमच्या घरात एक सुभेदार आहेत. त्यांना सैन्यानं कधीच घेतलेलं नाही, ही गोष्ट ते सोडून बाकी सगळ्यांना मान्य आहे.

विशीत असताना ते देवळालीला भरतीला गेले होते. वजन कमी भरेल म्हणून मित्रांनी सकाळपासून केळी चारली. वजन भरलं. धावण्यात पहिल्या घोळक्यात आले. आणि छातीच्या टेपपाशी अडले. श्वास भरून छाती जेवढी फुगायला हवी तेवढी काही केल्या फुगेना. मोजणाऱ्या हवालदारानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळेची वाट बघता बघता वय निघून गेलं. मग सायखेड्याचा हा मुलगा आयटीआय करून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहिला, आणि पुढं त्यानं तिथंच स्वतःचा छोटा गाळा घेतला. त्याच सुमारास त्याचं माझ्याशी लग्न झालं. भरती झाली ती ही एवढीच.

पण केस आजही बारीक, मिशीचं टोक वर, पहाटे उठल्या उठल्या पांघरुणाची चौकोनी घडी. कुठं जायचं असेल तर "निघूया" म्हणत नाहीत, "कूच करू" म्हणतात. म्हणून मी त्यांना सुभेदार म्हणते. आधी चिडवायला म्हणायचे, आता सवयीनं म्हणते, आणि ते दोन्ही वेळा खूशच होत आले आहेत. गाळ्यात चलनं, फोन आणि चहा मी बघते. उरलेल्या वेळात सुभेदारांना बघते.

आमचं नेहमीचं काम द्राक्षांच्या जिवावर चालतं. निफाडकडं बागांवर औषध मारायला ट्रॅक्टरमागं पंख्याचं यंत्र जोडतात, त्याला ब्लोअर म्हणतात. त्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, आम्ही कातून देतो. छाटणी झाली की ब्लोअरवाल्यांचे फोन सुरू होतात आणि बागा उतरेपर्यंत थांबत नाहीत. पोटापाण्याला हे काम पुरेसं होतं. सुभेदारांच्या मिशीला मात्र ते पुरत नव्हतं.

त्यामुळे लष्करी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं पिनांचं काम देऊ केलं, त्या दिवशी आमच्या घरात जणू तोफांची सलामी झाली. पोलाद त्यांचं, कापायचं आणि कातायचं आम्ही. पहिला लॉट पसंत पडला तर पुढचं काम, नाही पडला तर रामराम. नकाशावर पिनेचं माप होतं आणि एक क्रमांक होता. ती पिन कुठं बसते हे कुणीच सांगितलं नव्हतं. सुभेदारांनी मात्र ती रणगाड्याची असल्याचं परस्पर ठरवून टाकलं.

"कशावरून?" मी विचारलं. "जवानांच्या स्वयंपाकाच्या गाडीच्या दाराची कडी असेल."

"असू दे," ते म्हणाले. "जवान जेवल्याशिवाय लढतो का?"

हा डाव त्यांनी जिंकला. लग्नानंतर असं फार कमी वेळा झालंय.

मग रोज सकाळी पोह्यांबरोबर पोलादाचं व्याख्यान सुरू झालं. त्यांच्या मते पोलाद दोन प्रकारचं असतं, आपलं आणि सैन्याचं. आपलं म्हणजे ब्लोअरचं, साधं. सैन्याच्या पोलादात निकेल असतं, क्रोमियम असतं, मॉलिब्डेनम असतं. शेवटचं नाव ते आधी नीट उभे राहून मग उच्चारायचे. "नुसतं कडक असून भागत नाही," ते म्हणायचे. "चिक्कीही कडक असते, पण आपटली की तुकडे. वरती बर्फाच्या गारठ्यात गाडी दगडावर आदळली तरी पिन तुटता कामा नये. कडकही पाहिजे आणि चिवटही पाहिजे."

"म्हणजे आत्याबाई," मी म्हटलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. "मला कशाला मधी घेती गं?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण दिवसभर त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना ते आवडलंय.

पोलाद आलं त्या दिवशी सुभेदारांनी त्यासाठी वेगळी मांडणी करून घेतली आणि तिला हिरवा ऑइलपेंट दिला. कंपनीच्या क्वालिटी विभागातल्या मॅडम स्वतः आल्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, आवाज हळू, नजर कडक. त्यांनी सांगितलं की कापलेलं पोलाद डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तोंडाला रंग लावायचा. सैन्याच्या पोलादाला हिरवा, तुमच्या ब्लोअरच्या पोलादाला पिवळा. "हा रंग म्हणजे त्याचं नाव आहे असं समजा," त्या म्हणाल्या. ओळखीचे पक्के आकडे ठशानं नंतर ठोकायचे होते, कारण लेथवर तोंड घासलं की आधी ठोकलेले आकडे निघून जातात. तोवर सगळी भिस्त रंगावर.

आता एक गंमत सांगायची राहिली. ब्लोअरचा शाफ्ट आणि ही पिन यांची जाडी एकच होती. लांबीत थोडा फरक होता, पण करवतीच्या मशीनवरचा लांबी ठरवणारा अडसर पुन्हा पुन्हा कोण हलवणार, म्हणून सुभेदारांनी दोन्हीकडचे तुकडे एकाच मापाचे कापले. जास्तीचं नंतर लेथवर निघेलच, असा हिशोब. सैन्यात जायला निघालेला हा माणूस एक अडसर हलवायला कंटाळला, हे मी त्यांना आजही ऐकवते.

तुकडे कापून, रंगवून झाले आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. आमच्या गाळ्यात आजवर पाने, हातोडी, माप घ्यायचा व्हर्नियर आणि लेथ एवढ्यावरच शस्त्रपूजा भागत होती. सुभेदारांना दर वर्षी ते थोडं लागायचं. पान्याला हळदकुंकू लावताना ते जरा तोंड फिरवूनच लावत. त्या वर्षी मात्र त्यांनी पहाटेच जाहीर केलं, "यंदा खरी शस्त्रपूजा." आणि कुंकू नव्हे, शेंदूर आणला. वीराला शेंदूरच लागतो म्हणे. तोही तेलात चांगला घोटून.

लेथसमोर पाट मांडला, आत्याबाईंच्या भावाच्या मळ्यातला झेंडू आला, आणि सुभेदारांनी सैन्याचे तुकडे एकेक करून पाटावर उभे केले. प्रत्येकाच्या डोक्यावर अंगठ्यानं शेंदूर लावला. हिरव्या रंगावर केशरी शेंदूर. मला हसायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून नाही हसले.

तेवढ्यात आत्याबाईंची नजर कोपऱ्यात पिवळ्या तोंडानं पडलेल्या ब्लोअरच्या तुकड्यांवर गेली.

"आन यांनी काय पाप केलंय?" त्या म्हणाल्या.

"आई, ते साधं पोलाद हाय."

"साधं? याच्यावर हा गाळा उभा ऱ्हायला. याच्यावर तुझ्या पोरीचं लगीन झालं. तव्हा नाय साधं वाटलं? देवापुढं लहानमोठं नाय करायचं."

आत्याबाईंपुढं सुभेदारांचं कधीच चाललेलं नाही. त्यांनी पदर खोचला, ब्लोअरचे तुकडे उचलून आणले आणि पाटावर जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं उभे केले, आरास भरगच्च दिसावी म्हणून. मग शेंदराच्या वाटीत दोन्ही तळवे बुडवून एकजात सगळ्यांच्या डोक्यावरून फिरवले. द्राक्षाचं पोलाद आणि सैन्याचं पोलाद मांडीला मांडी लावून बसलं. आरास इतकी देखणी झाली की कामगारांनी फोटो काढून आपापल्या स्टेटसला ठेवले. नारळ फुटला, पेढे वाटले, कुणालाही काहीही खटकलं नाही. शेंदराखाली रंग होतेच की.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. परवा येऊन तुकडे बघते, म्हणाल्या. सुभेदारांना शेंदराची लाज वाटली. शिकलेली बाई येणार, तिच्यापुढं सैन्याचं पोलाद मारुतीसारखं उभं कसं करायचं? त्यांनी घमेल्यात थिनर ओतलं, चिंधी घेतली आणि स्वतः बसून एकेक तुकडा पुसून काढला. सगळे. अगदी मन लावून.

मी चहा घेऊन गेले तर समोर सगळे तुकडे स्वच्छ चकाकत होते. आणि हातातली चिंधी शेंदरी, हिरवी आणि पिवळी झालेली.

"अहो," मी म्हटलं, "यातले ब्लोअरचे कोणते?"

ते हसत हसत काहीतरी सांगायला लागले आणि मध्येच थांबले. चिंधीकडं बघितलं. तुकड्यांकडं बघितलं.

मग उठून म्हणाले, "ठिणगीवर ओळखतो." हा जुना उपाय. पोलाद ग्राइंडरच्या चाकाला टेकवलं की साध्या पोलादाची ठिणगी जास्त फुटते, चांदण्यांसारखी. सैन्याच्या पोलादाची जरा आवरून येते, लालसर. सुभेदारांनी गॉगल लावला आणि सुरुवात केली. हा आपला. हा सैन्याचा. हा सैन्याचा. हा आपला. मी तुकडे हातात देत होते आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन ढीग लावत होते. आवाज अगदी ठाम. तो जरा जास्तच ठाम वाटला, म्हणून मी सैन्याच्या ढिगातला एक तुकडा हळूच उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"हा आपला," ते म्हणाले.

"आत्ताच याला सैन्यात घेतलं होतंत," मी म्हटलं.

त्यांनी ग्राइंडर बंद केला. मला वाटलं होतं ते हसतील, निदान चिडतील तरी. त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि दोन्ही ढीग पुन्हा एक केले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. चेष्टा थोडी उशिरा केली असती तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सातपूरच्या एका लॅबमधून माणूस तपासणीची गन घेऊन आला. दिसायला पिस्तुलासारखी. पोलादाला टेकवली की आत काय काय आहे ते पडद्यावर उमटतं. निकेल आहे की नाही, एवढंच आम्हाला हवं होतं. दुपारपर्यंत सगळे तुकडे वेगळे झाले, दोन ढीग, शंकेला जागा नाही. मी सुटकेचा श्वास सोडला आणि हिरव्या रंगाचा डबा उघडला.

"थांब," सुभेदार म्हणाले.

कंपनीला लॉट देताना एका वाक्याखाली सही करायची असते. पोलाद कापल्यापासून पिन होईपर्यंत त्याची ओळख एकदाही हरवलेली नाही, असं ते वाक्य. ते सुभेदारांच्या डोक्यात घोळत होतं.

"पण आता सापडली ना ओळख?" मी म्हटलं. "गन काय खोटं बोलते?"

"हरवली होती ना पण."

आत्याबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नाशिकच्या मार्केटला टमाटे विकलेत, त्यामुळे मालाच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा. "येवढं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "टमाट्याची जाळी भरताना वर चांगल्यांचा थर कोण नाय लावत? खाली काय हाय ते कोण सांगत बसतं? आन तुझा तर सगळाच माल चांगला हाय आता."

"आई," सुभेदार म्हणाले, "टमाट्याच्या भरवशावर कोणी डोंगर चढत नाय."

आत्याबाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि परत बंद केला.

सुभेदार फोन करायला उठले. खुर्चीत बसून नाही, उभं राहून. शर्ट खाली ओढला, पाय जुळवले, मोठा श्वास भरला आणि तो तसाच धरून ठेवला. मॅडमनी फोन उचलेपर्यंत त्यांची छाती भरलेलीच होती. मी समोर बसले होते. मला तो देवळालीचा टेप आठवला. तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते, तरी आठवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. शेंदूर, पाट, थिनर, अडसर, सगळं. आत्याबाईंचं नाव मात्र घेतलं नाही, "माझ्याकडून झालं" एवढंच म्हणाले.

मॅडम ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आल्या. दोन्ही ढीग बघितले, गनचे आकडे बघितले. पूजेचा फोटोही मागितला. बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला आणि तोंड दुसरीकडं वळवलं. मला खात्री आहे, त्या हसत होत्या. पण परत वळल्या तेव्हा चेहरा नेहमीचा.

"सर, तुम्ही सांगितलंत हे खूप बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण हा लॉट मी घेऊ शकत नाही."

"गनचं म्हणणं बरोबर आहे, मॅडम."

"गनचं बरोबरच आहे. पण आज गनवर तुमचं घेतलं तर उद्या सगळे रंग लावायचं सोडून देतील आणि म्हणतील, गन आहे ना."

सुभेदारांनी मान हलवली. तेच त्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे वाद घालायलाही काही उरलं नाही. ते पोलाद किंमत भरून आम्हीच ठेवून घ्यायचं ठरलं, दुसऱ्या कशाला वापरा म्हणून. मॅडमनी चहा घेतला, आत्याबाईंनी आग्रह केला म्हणून खोबऱ्याची वडीही घेतली. गाडीत बसताना काच खाली करून म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी शेंदूर मशीनला लावा."

गाडी वळेपर्यंत सुभेदार फाटकात उभे होते. आत येऊन मला म्हणाले, "पुढच्या वेळी म्हणाल्या त्या. ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. हे शब्द त्यांनी आधी कुणाच्या तोंडून ऐकले होते तेही मला माहीत होतं. मी म्हटलं, "ऐकलं की."

त्या हंगामात निफाडच्या बागांमध्ये काही ब्लोअर सैन्याच्या पोलादावर फिरले. एवढं भारी पोलाद कशाला वाया घालवायचं, म्हणून आम्ही त्याचेच शाफ्ट केले. थंडी संपता संपता एक बागायतदार गाळ्यावर आला, मोठमोठ्यानं बोलतच. "तुमचा शाफ्ट लय वंगाळ निघाला राव! आधीचा तुटायचा आन गिअर वाचायचा, हा काय तुटंना, आन त्याच्यापायी माझ्या गिअरचे दात पडले!" सुभेदारांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "खडकावर आदळला होता का?" "बांधावर," तो म्हणाला. "तरी तुटला नाही?" "नाय ना!" सुभेदारांनी त्याच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं. शाफ्टबद्दल तक्रार घेऊन आलेल्या माणसाला इतका आदर आमच्याकडं आजवर मिळालेला नाही.

मॅडमचा फोन मात्र आला नाही. हिरवी मांडणी रिकामीच राहिली. तिच्यावर मी एकदा चहाच्या कपांचा ट्रे ठेवला, तर सुभेदारांनी न बोलता तो उचलून टेबलावर नेला. दर शनिवारी ते तिच्यावरची धूळ झटकतात. कंपनीच्या नंबरला त्यांनी मोबाइलवर वेगळी रिंगटोन लावलेली आहे. ती रिंगटोन कुठली आहे हे वर्षभरात मला कळलेलं नाही, कारण ती वाजलीच नाही.

मग पुन्हा खंडेनवमी आली. पाट मांडला, झेंडू आला. सुभेदारांनी पाने पुसले, व्हर्नियर पुसला, लेथला हार घातला. शेंदूर त्यांनी आणला नव्हता, हळदकुंकूच होतं. मनात चिडवायला बरंच काही तयार ठेवलं होतं मी, थिनरपासून सुरू करणार होते. आत्याबाईंनी पदराआडून एक पुडी काढली आणि वाटीत तेलात शेंदूर कालवायला लागल्या.

"आई, तो कशाला आता?" सुभेदार म्हणाले. "ते पोलाद कुठं हाय आपल्याकडं?"

आत्याबाई उठल्या. रिकाम्या हिरव्या मांडणीवरून एकदा हात फिरवला. मग सुभेदारांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मान खाली कर म्हणून खूण केली. त्यांचा हात आता तेवढा वर जात नाही.

"शस्त्र नाय आलं यंदा," त्या म्हणाल्या. "शिपाई तर हाय ना घरात."

सुभेदारांनी मान खाली केली. शेंदूर लावून होईपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला होता, आणि मला त्या दिवशी त्यांना चिडवता आलं नाही.